किती शिट्ट्या?

स्वयंपाक शिकणाऱ्याने सर्वात जास्त वेळा विचारलेला आणि सर्वात कमी उपयोगाचा प्रश्न म्हणजे "किती शिट्ट्या?" भाताला तीन, वरणाला चार, छोल्यांना सहा... प्रत्येक घराचा आकडा वेगळा, आणि प्रत्येक घराला आपलाच बरोबर वाटतो. माझं मत विचाराल तर नवशिक्याला शिट्ट्या मोजायला शिकवूच नये. मिनिटं मोजायला शिकवावं.

शिट्टी म्हणजे काही घड्याळ नव्हे. आतला दाब ठरावीक मर्यादेला पोचला की वरचं वजन उचललं जातं आणि जास्तीची वाफ निसटते, एवढाच तिचा अर्थ. गॅस मोठा असेल तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर दुसरी शिट्टी येता येत नाही. आईच्या पाच लिटरच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आणि मुलाच्या खोलीतल्या इंडक्शनवरच्या दोन लिटरवाल्याच्या तीन शिट्ट्या, यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

माझा भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा त्याचा फोन आला. "मामा, आई म्हणते तीन, मित्राची आई म्हणते पाच. कुणाचं ऐकू?" थोडं बोलल्यावर कळलं की अडचण आकड्याची नव्हतीच. तो कुकरला घाबरत होता. शिट्टी व्हायला लागली की बाहेर जाऊन उभा राहायचा. शेवटी कुकर माळ्यावर टाकून त्याने दोन्ही वेळचा डबा लावला होता. आपणही काय करतो बघा, "कुकरजवळ जाऊ नकोस" असं म्हणत मुलांना (मुलग्यांना तर जरा जास्तच) वाढवतो आणि बाविसाव्या वर्षी एक कुकर हातात देऊन गाडीत बसवतो.

ही भीती "काही होत नाही रे" म्हणून जात नाही. आत काय चाललंय ते कळलं की जाते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, गॅस कितीही मोठा करा. महाबळेश्वरला तर ते ९५-९६ अंशांवरच उकळतं, लेहला ९० च्याही खाली. म्हणून उंचावर डाळ शिजता शिजत नाही. तेच वाफ कोंडून चौरस इंचाला साधारण १५ पौंड जादा दाब दिला की पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. डेनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये हाडं मऊ करायला असं भांडं तयार केलं, आणि ते फुटू नये म्हणून वजनाची झडपही त्यानेच काढली. म्हणजे शिट्टी हा धोक्याचा नाही, सगळं ठीक चालल्याचा आवाज आहे. शिट्टी बराच वेळ झालीच नाही तर गॅस बंद करावा.

भाच्याला मी सांगितलं, पहिल्या दिवशी डाळ-तांदूळ आणूच नकोस. नुसतं दोन पेले पाणी घाल. झाकणाची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना बघ. रबर नीट बसव. नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागली की मगच शिट्टी ठेव. म्हणजे आतली हवा निघून गेलेली असते, आणि नळी तुंबलेली नाही हेही समजतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि घड्याळ. पाच मिनिटांनी बंद.

आणि मग काहीही करू नकोस! सगळ्यात कठीण हेच. भाजतं ते इथल्या घाईने. वाफ आपोआप जिरू द्यावी, मग शिट्टी जराशी उचलून पाहावी. फुस्स झालं तर आणखी थांबावं. झाकणाशी झटापट करावी लागत असेल तर आत दाब आहे, हात बाजूला घ्यावा.

दुसऱ्या दिवशी वरण-भात. तळाला दोन पेले पाणी (ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडू नये म्हणून त्यात लिंबाची फोड), खाली डाळीचा डबा, वर भाताचा. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, हळद, हिंग, थेंबभर तेल. दोन्हींत दुप्पट पाणी, डाळीत किंचित जास्त. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं. डाळ थेट कुकरमध्ये लावायची असेल तर कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, डाळीचा फेस नळीत जाऊन बसतो.

आता कुणी म्हणेल, आमच्या आजीने जन्मभर शिट्ट्याच मोजल्या, काय बिघडलं? काही नाही. तिचा आकडा तिच्या कुकरचा, तिच्या शेगडीचा आणि तिच्या कानांचा होता. माझ्या बहिणीला पुढच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून तळातलं पाणी संपत आल्याचं कळतं. पण ते कान फोनवरून पाठवता येत नाहीत.

असो. भाच्याचा डबा आता एकवेळचा झाला आहे. राजम्यावरून मात्र घरात वाद चालू आहे. मी म्हणतो रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं आणि बारीक गॅसवर वीस मिनिटं. बहीण म्हणते आठ शिट्ट्या.