दाण्याचे विमान

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या कच्च्या मालास 'दाणा' म्हणतात. आणि ज्या खानदेशात दाणा म्हटला की पूर्वी ज्वारीचा, बाजरीचा, फार तर भुईमुगाचा दाणा डोळ्यांपुढे येत असे, तेथे आज ट्रकमधून उतरणाऱ्या पोत्यांतील त्या गुळगुळीत, पांढुरक्या कणांनाही तेच नाव मिळावे, यात भाषेचे चातुर्य आहे तसेच एका मुलखाच्या स्थित्यंतराची नोंदही आहे. या दाण्याचे नळ होतात, चटया होतात, बादल्या होतात, ठिबक सिंचनाच्या नळ्या होतात. या दाण्याचे विमान मात्र होत नाही. आणि ते व्हावे, अशी माझी दरखास्त आहे.

दरखास्तीस निमित्त झाले ते माझ्या लिहिण्याच्या मेजावर गेले दोन महिने अर्धवट पडून राहिलेल्या एका मिग-२१ चे. त्याचे माप बहात्तरास एक, म्हणजे सहा फुटांचा मनुष्य ज्या मापात बरोबर एक इंचाचा होतो ते. त्यामुळे ज्याच्या पंखांचा प्रत्यक्ष विस्तार सात मीटर पंधरा सेंटिमीटर आहे असे हे विमान या पंखापासून त्या पंखापर्यंत दहा सेंटिमीटरही भरत नाही, आणि याच मापातला सुखोई-३० लांबीला शाळकरी मुलाच्या फूटपट्टीएवढा होतो. जोडसंचाचा खोका उघडला की वेलीला शेंगा लगडाव्यात तसे प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले राखाडी भाग हाती येतात. ते एकेक कापून घ्यावयाचे, त्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासावयाच्या, जोडावयाचे, सांधा उघडा राहिला तर तेथे लांबी भरावयाची, पुन्हा घासावयाचे, रंगवावयाचे, आणि अखेरीस पाण्यात भिजविलेल्या पापुद्र्यांवरून केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळांची आपल्या वायुदलाची मुद्रा अलगद पंखावर उतरवावयाची. सांगताना हे सारे चार ओळींत संपते. करताना संध्याकाळींमागून संध्याकाळी जातात.

जोडण्याच्या द्रावणाविषयी आमच्याकडच्या शेतकऱ्यास फारसे समजावून सांगावे लागणार नाही. विहिरीवरून शेतात पाइप नेताना पीव्हीसीच्या दोन नळ्यांना 'सोल्युशन' लावून त्या एकमेकींत बसविल्या, म्हणजे ते सोल्युशन डिंकासारखे मध्ये राहून काम करीत नाही. ते दोहोंचा पृष्ठभाग क्षणभर विरघळविते आणि उडून जाते, आणि मागे दोन नळ्यांची एक नळी उरते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. जोडसंचाचे द्रव्य पॉलिस्टायरीन, त्याचे द्रावणही निराळे. तत्त्व मात्र तेच, आणि अधीर माणसाचा त्यात होणारा फजितवाडाही तोच.

परंतु हस्तकौशल्यापेक्षा मला या उद्योगाचे मोल वाटते ते दुसऱ्याच कारणाने. यंत्राचे रूप हे त्याच्या निर्मात्याने केलेल्या शेकडो तडजोडींचे टिपण असते, आणि ते टिपण छायाचित्र पाहून वाचता येत नाही. एकेक भाग स्वतःच्या बोटांनी जागच्या जागी बसवावा तेव्हाच ते उलगडू लागते. मिग-२१ च्या नाकाचेच पहा. नाकाचे तोंड उघडे, आणि त्या तोंडात मध्यभागी एक शंकू. ध्वनीहून द्रुत वेगाने येणारी हवा इंजिनाला तशीच्या तशी पचत नाही, तिचा आवेग आधी मोडावा लागतो, आणि ते काम मागेपुढे सरकणारा हा शंकू करतो. परंतु विमानाचे रडारही याच शंकूच्या पोटात ठेवणे भाग असल्यामुळे ते लहान राहिले, आणि लहान राहिले म्हणून त्याची दृष्टी आखूड राहिली. पंख पातळ आणि त्रिकोणी, म्हणून वेग अपूर्व. पण तेच पंख आखूड, म्हणून धावपट्टीवर उतरतानाचाही वेग नवशिक्याच्या काळजाचा ठोका चुकविणारा. पुढे अनेक तरुण वैमानिकांच्या मृत्यूमुळे या विमानाच्या वाट्याला 'उडती शवपेटी' ही दुष्कीर्ती आली, तिच्या अनेक कारणांपैकी एक कारण असे दहा सेंटिमीटरांच्या त्या प्लास्टिकमध्ये मला हाताला लागले. त्या विषयावरील वृत्तपत्रांतील मथळ्यांनी ते कधीच हाताला लागू दिले नव्हते.

आता या विमानांचा आणि आमच्या मुलखाचा संबंध काय, असे कोणी विचारील. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून नाशिककडे निघाले की वाटेत ओझर लागते. तेथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ बांधण्यासाठीच. पुढे तेथे मिग-२७ झाले, सुखोई झाले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तेथे बांधलेले पहिले तेजसही उडाले. आमच्याच बोदवड तालुक्यातील नाडगावी जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईमधून आकाशात गेल्या, तेव्हा जळगावकरांची मान ताठ झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप दिला गेला, तेव्हाही आम्ही दूरचित्रवाणीसमोर बसून गहिवरलो. अभिमान आणि गहिवर यांची आमच्यापाशी टंचाई नाही. त्या विमानाचे पंख धडाला नेमके कोठे आणि का जोडलेले असतात हे सांगू शकेल असा विद्यार्थी मात्र तालुक्याच्या गावी शोधून सापडावयाचा नाही, आणि यात विद्यार्थ्याचा दोष नाही, कारण त्याच्या हाती ते विमान कोणी दिलेच नाही.

द्यावयाचे म्हटले तरी ते महाग पडते. चांगले जोडसंच जपानातून, युरोपातून, अलीकडे चीनमधून येतात, आणि आयात-जकातीच्या दप्तरात प्रमाणबद्ध प्रतिकृतींची गणना खेळण्यांच्याच सदरात होत असल्यामुळे त्यांवर खेळण्यांचीच जकात बसते: २०२० साली ती शेकडा २० वरून एकदम ६० झाली आणि २०२३ साली ७०. परदेशी निकृष्ट खेळण्यांचा पूर अडवावा, हा या तजविजीमागील हेतू मी समजू शकतो. परंतु कर्कश भोंगा वाजविणारी बंदूक आणि सहा आठवडे एकाग्रता मागणारे विमान यांना एकाच तराजूत घालणारा सरकारी वर्गीकरणकार माझ्या मते शालोपयोगी साहित्य आणि जत्रेतील पिपाणी यांतही भेद करणार नाही. त्यावर कडी अशी की, एअरफिक्स या जुन्या इंग्रजी कंपनीचे कित्येक संच मध्यंतरी काही वर्षे भारतातच ओतले जात होते. म्हणजे आपल्याच देशात ओतलेले विमान विलायतेच्या खोक्यात बसून आपल्याच बंदरावर परदेशी म्हणून उतरावयाचे!

या एअरफिक्सची कुळकथा जळगावच्या कारखानदारांनी मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. निकोलस कोव्ह नावाच्या एका हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली लंडनमध्ये ती काढली ती हवा भरलेली रबरी खेळणी करण्यासाठी. युद्धानंतर ती कंगवे ओतू लागली. १९४९ मध्ये फर्ग्युसन या ट्रॅक्टरवाल्यांनी आपल्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती तिच्याकडून करवून घेतली, आणि तीच पुढे सुट्या भागांच्या रूपाने बाजारात आली. त्यानंतर एक जहाज, आणि मग पहिले विमान, स्पिटफायर. कंगव्यापासून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरपासून लढाऊ विमान, असा हा मार्ग आहे. आणि ज्या गावाने चटईपासून आरंभ केला त्याला तो अपरिचित वाटण्याचे कारण नाही. जपानातील शिझुओका प्रांतही चहाच्या मळ्यांचा आणि संत्र्यांचाच. तेथील तामिया मुळात लाकडाची वखार होती. आज प्लास्टिकच्या प्रतिकृतींचे नाव निघाले की जगभर शिझुओकाचेच नाव निघते. केळीच्या बागांवर पोसलेल्या शहराने यावरून जे समजावयाचे ते समजावे.

नळ काढणे निराळे आणि असे भाग ओतणे निराळे, हा आक्षेप रास्त आहे. नळ हा साच्याच्या तोंडातून शेवयांसारखा अखंड बाहेर पडतो. चटईचीही तऱ्हा धागा काढून विणण्याची. विमानाच्या संचासाठी वितळलेला दाणा दाबाखाली बंद मोल्डमध्ये शिरावा लागतो आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या, खिळ्यांच्या ओळींच्या रेघाही त्याने जशाच्या तशा उचलाव्या लागतात. परंतु ठिबकचा ड्रिपर कसा होतो? त्याच्या पोटात पाण्याचा जोर मोडण्यासाठी जी नागमोडी, केसागणिक हिशेब ठेवावा लागणारी वाट असते, ती चुकली तर पिकाला थेंबाऐवजी धार मिळते किंवा काहीच मिळत नाही. मिगच्या नाकातील शंकू हवेचे जे करतो तेच ही वाट पाण्याचे करते, आणि ती ओतण्याची विद्या जळगावात आहे. ज्या डायमेकरांना ती साधली त्यांना विमानाच्या पंखावरील रेघ अवघड जाणार नाही. अडचण आहे ती भांडवलाची: मोल्ड महाग, गिऱ्हाईक विरळ, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत नफ्याचे नाव काढू नये असा हा धंदा. म्हणून तो केवळ व्यापाऱ्यांच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. शाळांनी तो गिऱ्हाईक म्हणून उचलून धरला पाहिजे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलास शत्रूमित्रांची विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी याच बहात्तरास एक मापाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती हव्या होत्या, तेव्हा त्याने त्या मागितल्या शाळकरी मुलांकडे.

युद्धाचे नाव निघाले, तेव्हा दुसऱ्या आक्षेपाकडे वळणे प्राप्त आहे. ज्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, त्या धुळ्यातील मुलांच्या हाती आपण संहाराचे यंत्र देणार काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. मी एवढेच म्हणेन की, गीतेचा आरंभही रणांगणावरच होतो. आणि माझ्या अनुभवात जोडसंच हाताळणारा मुलगा आरोळ्या ठोकीत नाही, तो गप्प होतो. पुढे जेव्हा शेपटीवर कोणता क्रमांक लावावा हे ठरविण्याची वेळ येते, तेव्हा तो क्रमांक कोणत्या स्क्वाड्रनचा, कोणी उडविला, आणि ते विमान शेवटी तळावर परतले की नाही, याचा शोध त्याला घ्यावाच लागतो. आयुष्यभर कागदांच्या चिटोऱ्यांमागे पायपीट करून १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांना या शोधात काही गैर वाटले असते असे मला वाटत नाही. तारखेत चूक सापडली असती तर मात्र त्यांनी त्या मुलाची हजेरी घेतली असती.

तेव्हा पहिला मोल्ड मिग-२१ चाच असावा, माप बहात्तरास एक, आणि सोबतची माहितीपत्रिका मराठीत. ती लिहिण्याचे काम मी विनामोबदला पत्करीन, कारण त्यातील एक सूचना माझ्या दोन महिन्यांच्या खोळंब्यातून निघालेली आहे: धडाचे दोन्ही अर्धे भाग जोडण्यापूर्वी नाकातील शंकूच्या मागे सायकलचे छर्रे पक्के बसवावेत. मी ते विसरलो, सांधा एकजीव झाला, लांबी भरून घासूनही झाला, आणि चाके लावून मोठ्या ऐटीने मेजावर उभे केलेले विमान नाक वर करून शेपटीवर बसले. तेव्हापासून ते तसेच बसले आहे.