जर्मनचे वर्ग आणि मूक विद्यार्थी

जर्मनीत कुशल हातांची वानवा आहे, तर महाराष्ट्रात त्या हातांना मिळणाऱ्या कामाची. या दोन उणिवांची सांगड घालण्यासाठी २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भारतीय कुशल कामगारांना द्यावयाच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढविण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले. साहजिकच जर्मनच्या शिकवण्यांना बहर आला आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवन व रानडे इन्स्टिट्यूट यांची परंपरा जुनी आहे. परंतु आता गल्लोगल्ली वर्ग निघतात आणि काल परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आज शिक्षक होतो. त्यात वावगे काही नाही. मात्र या नव्या शिक्षकाने आपले मुख्य काम कोणते मानावयाचे, याचा विचार झालेला दिसत नाही.

ग्योथे संस्थेच्या 'बी-१' परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण असे चार स्वतंत्र विभाग असून प्रत्येकात किमान ६० टक्के गुण मिळवावे लागतात. लेखनातील गुणांनी संभाषणातील तूट भरून निघत नाही. संभाषणाच्या परीक्षेत सामान्यतः दोन उमेदवार समोरासमोर बसून एखादा बेत ठरवितात, नेमून दिलेल्या विषयावर बोलतात आणि प्रश्नांना उत्तरे देतात. विभक्तींची कोष्टके मुखोद्गत असलेला विद्यार्थी नेमका येथेच मूक होतो.

या मौनाचे मूळ वर्गाच्या अर्थकारणात आहे. व्याकरण तीस जणांना एकदम सांगता येते. तिसाव्या विद्यार्थ्यामुळे शिक्षकाचे श्रम फारसे वाढत नाहीत, शुल्क मात्र वाढते. बोलण्याचे तसे नाही. दीड तासाच्या वर्गात निम्मा वेळ शिक्षकच बोलला, तर उरलेल्या ४५ मिनिटांतून प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते. त्यातलेही बरेचसे पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे धीट विद्यार्थी घेऊन जातात.

त्याला जोड मिळते ती चुकीच्या भीतीची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या समाजात परभाषेचे वाक्य म्हणजे आधी मनात जुळवून, तपासून मग उच्चारावयाची वस्तू, अशी समजूत रुजली आहे. शिक्षकही पहिल्याच शब्दाला टोकतो आणि विद्यार्थी दुसरा शब्द काढीत नाही. वास्तविक मराठी माणसाला जर्मन अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे, याचे इंग्रजी भाषकाला नवल वाटेल. 'तो चमचा, ती सुरी, ते ताट' असे नियम न शिकताच म्हणणाऱ्याला ते वाटू नये. ही लिंगे त्याच्या जिभेवर बसली ती बोलून, चुकून आणि पुन्हा बोलून.

व्याकरणाकडे दुर्लक्ष केल्यास अशुद्ध भाषा पक्की होईल, हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु चूक सुधारण्यासाठी आधी वाक्य उच्चारले गेले पाहिजे. तीस विद्यार्थ्यांच्या पंधरा जोड्या पाडल्या, तर त्याच ४५ मिनिटांत प्रत्येकाला बोलावयास सुमारे २२ मिनिटे मिळतात आणि खर्च एका पैशानेही वाढत नाही. शिक्षकाने फिरत राहून चुका टिपाव्यात आणि शेवटी, कोणाचे नाव न घेता, त्या फळ्यावर मांडाव्यात. दुरुस्ती होतेच, केवळ तिची वेळ बदलते.

म्हणूनच प्रशिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च करताना शासनाने शिक्षकाचे प्रमाणपत्र पाहून थांबू नये. त्याचा एक तास प्रत्यक्ष पाहावा आणि त्यात विद्यार्थी किती बोलले ते मोजावे. कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या पालकांनीही प्रवेशापूर्वी हीच चौकशी करावी. परदेशातील रुग्णालयात वेदनेने विव्हळणारा वृद्ध रुग्ण परिचारिकेच्या मनातील वाक्य जुळेपर्यंत थांबणार नाही. तिला तेथे धीराने बोलता यावे, यासाठी चुकण्याची मुभा येथल्या वर्गातच मिळाली पाहिजे.