जेटची टाकी आणि ट्रॅक्टरची टाकी



मुंबई ही आपल्या राज्याची राजधानी. समुद्राच्या काठावर, आपल्या शेतापासून सहा-सातशे किलोमीटर दूर. तिथे जायच्या वाटा आपल्याला ठाऊक आहेत. वर्धा, बडनेरा, अकोल्याहून रात्रीची रेल्वे. नाहीतर एस.टी. खिशात टोलचे पैसे असतील तर समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. याशिवाय आणखी एक वाट आहे, ती आभाळातून जाते. खाजगी जेट विमान नागपूरहून उडाले की सव्वा-दीड तासात मुंबईत टेकते. त्यातून उतरणाऱ्याला विमानतळावरच्या रांगेतही उभे राहावे लागत नाही. खाजगी विमानांसाठी कलिन्याच्या बाजूला वेगळे टर्मिनल आहे.

कुणी स्वतःच्या कमाईने विमान घेतले, त्यातून फिरले, तर आपली तक्रार नाही. शेतकऱ्याच्या चळवळीने श्रीमंतीचा हेवा कधी केला नाही. आपल्या पोरांनीही विमानात बसावे, असेच आपल्याला वाटते. प्रश्न एवढाच आहे की विमानाच्या टाकीला सरकार कोणता न्याय लावते आणि ट्रॅक्टरच्या टाकीला कोणता.

आधी दोन प्रसंग आठवून पाहा. जुलै २०२४ मध्ये मुंबईत एका बड्या उद्योगपतीच्या घरी लग्न झाले. पाहुण्यांसाठी शंभरावर खाजगी विमाने लागतील, असा अंदाज विमाने भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखाने तेव्हा सांगितला होता. १२ ते १५ जुलै असे चार दिवस, दुपारी एक ते मध्यरात्र, वांद्रे-कुर्ला संकुलातले मंडपाकडे जाणारे रस्ते फक्त लग्नाच्या वाहनांसाठी ठेवले गेले. वाहतूक पोलिसांच्या सूचनेत या लग्नाला चक्क ‘सार्वजनिक कार्यक्रम’ म्हटले होते.

दुसरा प्रसंग मार्च २०१८ चा. किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईला पायी निघाले. सहा दिवस, सुमारे १८० किलोमीटर. कितीतरी जणांच्या पायांची सालटी निघाली होती. मुंबईत पोचले तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी मोर्चा रस्त्यावर आला तर पोरांचा पेपर चुकेल, म्हणून ही माणसे विश्रांती न घेता रात्रीच उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर जाऊन बसली. त्यांच्या सगळ्याच मागण्यांशी आपण सहमत असू वा नसू, राजधानीत पाहुणा कसा येतो आणि धनी कसा येतो, हे या दोन प्रसंगांत दिसते. विमानाने आलेल्यासाठी शहर बाजूला झाले. पायी आलेला शहरासाठी बाजूला झाला.

आता हिशोबाकडे वळू. मध्यम आकाराचे जेट तासाला हजार लिटरच्या आसपास इंधन पिते. नागपूर-मुंबई जाऊन-येऊन अडीच-तीन हजार लिटर धरा. विमान परत रिकामे पाठवले तरी इंधन जळतेच. आपल्याकडे ट्रॅक्टरने एक एकर नांगरायला ढोबळमानाने सहा ते आठ लिटर डिझेल लागते. म्हणजे आठ-दहा माणसांच्या एका खेपेत साडेतीनशे ते चारशे एकरांची नांगरट होते. कोरडवाहू भागात ही एका लहान गावाची जमीन झाली.

या दोन इंधनांवरचा कर पाहा. डिझेल काय आणि विमानाचे इंधन काय, दोन्ही जीएसटीच्या बाहेर आहेत. त्यांच्यावर राज्याचा व्हॅट किती, ते मुंबईत बसून ठरते. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने मुंबई, पुणे आणि रायगडच्या हद्दीत विमानाच्या इंधनावरचा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. एका फटक्यात सात टक्के उतरले. पुढच्याच वर्षी, २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात, डिझेलची पाळी आली. तिथे मुंबई, ठाणे, नवी मुंबई या भागातला कर २४ वरून २१ टक्के केला. कारण असे की उरलेल्या महाराष्ट्रात २१ टक्के आहेच, तर सगळीकडे सारखा असू द्या. म्हणजे सवलत शहराला मिळाली आणि आपल्या वाट्याला ‘सारखेपणा’ आला. जुलै २०२२ मध्ये डिझेल लिटरमागे तीन रुपयांनी उतरवले होते, ते सगळ्यांना मिळाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण हे दोन अर्थसंकल्प शेजारी ठेवले तर निघणारा अर्थ साधा आहे. जेटच्या इंधनाला १८ टक्के, ट्रॅक्टरच्या डिझेलला २१ टक्के.

जीएसटीचीही गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, त्याचे स्वागत. त्याच दिवसापासून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या विमानावर ४० टक्के लागला. ऐकायला बरे वाटते. पण भाड्याने चालवण्यासाठी म्हणून विमान नोंदवले तर कर ५ टक्केच. शहाणा मालक कोणत्या वहीत नाव लावेल, ते सांगायला नको.

सरकारी बाजू काय, तेही पाहू. विमानाच्या इंधनावर कर जास्त ठेवला तर विमाने शेजारच्या राज्यात जाऊन टाकी भरतात, आपला महसूल बुडतो, असे सांगतात. शिवाय सवलत काही फक्त धनिकांच्या जेटला नाही, साध्या प्रवाशांच्या विमानालाही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यातले पहिले कारण नीट ऐका. विमान टाकी भरायला दुसऱ्या राज्यात जाऊ शकते, म्हणून त्याला सवलत. ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यावर कर. ज्याला पाय आहेत त्याला मान, जो जागेवर बांधलेला आहे त्याची लूट. राज्यकर्त्यांच्या साऱ्या अर्थशास्त्राचे सार यात आले.

आणि आपल्याला जागेवर बांधले कुणी? कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली आली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आपला कापूस सीमेपलीकडे, जिथे भाव असेल तिथे, नेऊन विकायला मनाई होती. नाक्यानाक्यावर गाड्या अडवल्या जात. आपल्या मालाने सीमा ओलांडली तर ती तस्करी, आणि विमानाने ओलांडली तर महसूल खात्याची काळजी!

ज्या मुंबईत हे कर ठरतात, ती मुंबई कुणाच्या जीवावर उभी राहिली, याची आठवणही करून द्यायला हवी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत खेळला. कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला, तो कापूस बंदरावर नेण्यासाठीच. यवतमाळहून मूर्तिजापूरला येणारी शकुंतला गाडीही कापसासाठीच टाकलेली. आज शकुंतला बंद आहे. मुंबईत कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन तेवढे राहिले आहे. कापूस वाहायचा होता तोवर राजधानीला आपल्या गावापर्यंत रूळ टाकणे परवडत होते.

डिझेलचा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याला आज का झोंबतो, तेही समजून घ्या. बैल कडब्यावर चालत होता आणि कडबा आपल्याच ज्वारीचा होता. भाव नाही म्हणून ज्वारीचा पेरा घटला, कडबा घटला, बैल बाजारात गेले. आता नांगरट, पेरणी, मळणी, कापूस जिनिंगपर्यंत नेणे, सगळे डिझेलवर. पाऊस दगा देवो की बोंडअळी येवो, पंपावरचा कर मात्र पीक उगवायच्या आधीच भरलेला असतो. पीक बुडाले म्हणून तो परत मिळत नाही.

म्हणून या वेळच्या जिल्हा मेळाव्यांत एक ठराव मांडायचा आहे. राज्यात डिझेलवरचा व्हॅट विमानाच्या इंधनावरच्या व्हॅटपेक्षा जास्त असता कामा नये. कुणी अधिकारी विचारील की शेतीचे डिझेल कोणते आणि चैनीच्या मोटारीचे कोणते, हे ओळखायचे कसे? त्याला सांगा, विमानात इंधन भरताना आत साधा प्रवासी आहे की लग्नाचा पाहुणा, हे तुम्ही विचारले नाही. मग आमच्याकडेच सातबारा का मागता?

ही सवलतीची याचना नाही. जेटला लावला तोच न्याय ट्रॅक्टरला लावा, एवढीच मागणी आहे. मेळाव्याला येताना गेल्या हंगामातल्या डिझेलच्या पावत्या सोबत आणा. पावती नसेल तर एकरी किती लिटर लागले ते कागदावर लिहून आणा. गावागावांतून राज्याच्या तिजोरीत किती कर गेला, त्याची बेरीज आपण मांडवातच करू आणि तो कागद राजधानीला पाठवू. पायी जायची वेळ आलीच, तर तीही वाट आपल्याला माहीत आहे.