श्रवणोत्तेजक सभा

माणूस निवृत्त झाला की त्याला दोनच गोष्टी सुचतात. एक, सकाळी फिरायला जाणे. आणि दुसरी, समाजाला विचारप्रवृत्त करणे. पहिलीत फक्त स्वतःचे गुडघे दुखतात. मी दुसरी निवडली. सोसायटीच्या फळ्यावर लिहून टाकले : 'दर शनिवारी सायंकाळी 6 वाजता गच्चीवर मुक्त चर्चा. सर्वांना प्रवेश. कसलेही नियम नाहीत.' हे शेवटचे वाक्य लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आज ते लिहिणारा हात सापडला तर मी पिरगाळीन. तो माझाच आहे, एवढीच काय ती अडचण.

पहिल्या शनिवारी 19 माणसे आली. सहाव्या शनिवारी 5 उरली. ज्यांना घरात कोणी बोलू देत नाही, नेमकी तीच! तळमजल्यावरचे हेडमास्तर कुठलाही विषय 'आमच्या वेळी'पासून सुरू करत. वकीलसाहेब समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच त्याची उलटतपासणी घेत. आणि मी? मी संस्थापक. त्यामुळे प्रत्येकाच्या बोलण्यानंतर पाच मिनिटे समारोप करणे हे मी माझे कर्तव्य समजत असे. "मंडळ काढलंत, की स्वतःला ऐकायला माणसं गोळा केलीत?" असा एक प्रश्न घरातून आला. तो मी लोकशाहीविरोधी ठरवून फेटाळला.

त्या सहाव्या शनिवारी विषय होता 1972चा दुष्काळ. रोजगार हमीचा कायदा 1977चा की 1979चा, यावरच चाळीस मिनिटे गेली. कायदा झाला 1977 साली आणि अमलात आला 1979 साली. म्हणजे दोघेही बरोबर होते. पण हे कळायला दोघांपैकी एकाने क्षणभर गप्प बसायला हवे होते.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी त्या दिवशी चहा घेऊन वर आल्या होत्या. कपबश्या गोळा करून जिना उतरताना त्या हिला म्हणाल्या, "मी व्हते की तवा. आईसंगं खडी फोडायला. धा वर्साची असंन. सुकडी मिळायची खायाला."

रात्री हिने ते मला सांगितले आणि विचारले, "त्यांना कुणी विचारलं का हो?"

कोण विचारणार? गच्चीवर दुष्काळ पाहिलेले एकच माणूस होते, आणि आम्ही त्याच्या हातात रिकामे कप देत होतो.

तेव्हापासून 'मुक्त चर्चा' या शब्दाशी माझे वैर आहे. नियम नसलेली चर्चा मुक्त नसते. ती मोठ्या घशाची जहागीर असते. 'नियम आले की चर्चेचा जीव जातो' असे म्हणणारे बघा, नियम नसताना बोलायला मिळालेलेच सगळे असतात! अहो, साध्या पंगतीलाही नियम आहे. पहिली वाढ शेवटच्या पानापर्यंत पोचल्याशिवाय जिलबीचा आग्रह सुरू होत नाही. जे शहाणपण जिलबीला, ते विचारांना नको?

ही फजिती माझी एकट्याची नव्हे. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरला 1863 साली एका सभेचे अध्यक्ष केले, आणि सभा त्याच्या हातून पार निसटली. भला माणूस इतका शरमला, की अभ्यास करकरून 1876 साली त्याने सभेच्या नियमांचे पुस्तकच छापले. ज्यांना बोलायचे आहे ते सगळे एकेकदा बोलून होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही, आणि बोलायचे ते अध्यक्षांना उद्देशून, एकमेकांच्या अंगावर नाही, असे ते नियम. आपल्या लोकसभेत तर ज्याला 'स्पीकर' म्हणतात तोच चर्चेत भाग घेत नाही, आणि मते समसमान पडली तरच स्वतःचे मत देतो. मी मात्र मंडळ काढणे म्हणजे माईक मिळणे, असे समजून बसलो होतो.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला वक्तृत्वोत्तेजक सभा चालवते. नाव किती नेमके! दीडशे वर्षे आपण वक्तृत्वाला उत्तेजन दिले. आता त्याला ते पुरेसे मिळाले आहे, असे माझे नम्र मत आहे. यापुढे गल्लोगल्ली श्रवणोत्तेजक सभा निघाल्या पाहिजेत.

आमची निघाली आहे. फळ्यावर नवे नियम लिहिले : प्रत्येकाला 3 मिनिटे. सर्वांचे एकदा होईपर्यंत दुसरी फेरी नाही. ज्याने ते स्वतः सोसले वा केले, तो आधी बोलेल. संस्थापक शेवटी, आणि वेळ उरली तरच. वेळ राखायला देवघरातली घंटा आणली. ती हिच्या हातात आहे आणि पहिल्याच दिवशी ती माझ्यावर वाजली.

मावशींना मुद्दाम बोलावले, तर त्या म्हणाल्या, "शनवारी सांजच्याला मला दोन घरची कामं असत्यात." म्हणून सभेची वेळ बदलून रविवारी दुपारी 4 केली. वकीलसाहेबांनी झोपेच्या मुद्द्यावर सक्त हरकत घेतली आहे.

त्यांना 3 मिनिटे दिली आहेत. मावशींच्या नंतर.