मलवाहिनीची वर्दी

लोकारोग्य : साप्ताहिक स्तंभ
— आरोग्यपाल

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल शहरालगतच्या कर्कलंड या गावी, वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात २८ फेब्रुवारी २०२० रोजी करोनाचा पहिला रुग्ण निष्पन्न झाला, आणि १८ मार्च उजाडेपर्यंत त्या एका वास्तूशी संबंध असलेल्या १६७ जणांना तो रोग जडल्याचे सरकारी तपासात उघड झाले. त्यांत १०१ रहिवासी होते, ५० कर्मचारी होते, आणि उरलेले १६ जण भेटीस आलेले होते. रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याने या प्रकरणाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात प्रसाराच्या कारणांत दोन गोष्टी स्वच्छपणे नमूद आहेत : अंगात लक्षणे असतानाही काही कर्मचारी कामावर येत राहिले, आणि काही कर्मचारी एकाहून अधिक संस्थांत चाकरी करीत होते. ही दोन कारणे वाचकांनी ध्यानात ठेवावीत, कारण पुढील विवेचनाचा भार अखेरीस त्यांच्यावरच येऊन पडणार आहे.

कर्कलंड ज्या किंग काउंटीत येते, तेथीलच दुसऱ्या एका शुश्रूषागृहात, लक्षणे असोत वा नसोत, ७६ रहिवाशांची तपासणी करण्यात आली तेव्हा ४८ जण बाधित निघाले, आणि त्या ४८ पैकी २७ जणांच्या ठायी तपासणीच्या दिवशी रोगाचे कसलेही चिन्ह नव्हते. बहुतेकांना ते मागाहून दिसू लागले. तात्पर्य, दाराशी तापमापक घेऊन बसलेला पहारेकरी येथे निरुपयोगी ठरतो. वार्धक्यात ज्वरसुद्धा आळशी होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना आपला घसा दुखतो आहे हे धड सांगता येत नाही. आणि ज्याला ते सांगता येते, त्याला आपल्यामुळे इतरांची तारांबळ होईल या संकोचाने ते सांगवत नाही. अशा ठिकाणी जो कोणाच्या तक्रारीची वाट पाहणार नाही असा साक्षीदार हवा, आणि तो मलवाहिनीत सापडतो, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात फार पूर्वीच आलेले आहे.

ब्रेंडन मूर या इंग्रज जीवाणुशास्त्रज्ञाने १९४८ साली प्रसिद्ध केलेली हकीकत या दृष्टीने वाचनीय आहे. डेव्हन परगण्यातील सिडमथ या समुद्रकाठच्या गावात पॅराटायफॉइडचे रुग्ण अधूनमधून निघत, पण रोग पसरविणारा छुपा वाहक काही केल्या हाती लागत नसे. मूर यांनी केले ते इतकेच, की जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाची जाड घडी करून, तिला दोरी बांधून, ती गटाराच्या प्रवाहात सोडून दिली. काही दिवस ती तेथेच लोंबकळत राही. जाणारे-येणारे पाणी तिच्यातून गाळले जाई. मग ती वर ओढून प्रयोगशाळेत नेत आणि पिळून निघालेल्या द्रवात जीवाणू वाढवून पाहत. ज्या फाट्यावरची घडी सदोष निघे, त्या फाट्याने प्रवाहाच्या उलट दिशेने चढत, शाखा-उपशाखांची निवड करीत, तपास हळूहळू वाहकाच्या दाराशी येऊन पोहोचे. कोणाच्या घरात शिरावे लागले नाही, कोणाची जबानी घ्यावी लागली नाही. ‘मूरची घडी’ आजही वापरात आहे, आणि लाखो रुपयांच्या स्वयंचलित यंत्रांची जाहिरात पाहताना तिची आठवण ठेवणे हिताचे आहे.

आपल्याकडेही ही विद्या नवखी नाही. परळला हाफकिन संस्थेच्या आवारात असलेल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रातील डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा पद्धतशीर शोध आरंभला. शहरात एकही मूल पंगू झालेले नसताना मैल्यात रानटी विषाणू सापडे, आणि त्याच्या जनुकीय रचनेची रुजवात घातली असता त्याचे गोत्र पुष्कळदा उत्तर प्रदेशातले निघे. मुंबईच्या सांडपाण्यात तो शेवटचा आढळला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातील रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण हावड्याला निघाला तो पुढच्या जानेवारीत. या यशात प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे यात शंका नाही, परंतु तिच्या वर्दीला किंमत आली ती वर्दी पोहोचेल तेथे लस, बर्फाचे डबे, घरोघर फिरणारे कार्यकर्ते आणि मोहिमेचा हुकूम काढण्याचा अधिकार असलेले अधिकारी असा सारा बंदोबस्त हजर होता म्हणून. हा बंदोबस्त नसता, तर तेच निष्कर्ष एखाद्या खात्याच्या दप्तरात बांधून पडले असते.

करोनाच्या काळात या विद्येला नवे तारुण्य आले. नेदरलँड्समध्ये खेर्तयान मेदेमा यांच्या गटाला आमर्सफोर्ट नगराच्या सांडपाण्यात मार्च २०२० च्या आरंभीच, म्हणजे तेथे रुग्णाची नोंद होण्यापूर्वी, विषाणूचे अंश मिळाले. मात्र एका नगराचे पाणी आणि एका इमारतीचे पाणी यांत अंतर आहे, आणि ते प्रथम ठळकपणे कापले अ‍ॅरिझोना विद्यापीठाने. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू आढळताच ३११ जणांची तपासणी झाली, दोन लक्षणहीन विद्यार्थी बाधित निघाले, आणि त्यांना तत्काळ अलग ठेवण्यात आले. या वार्तेने अनेकांना वाटले की आता वृद्धगृहांचा प्रश्नही सुटला. स्पेनच्या वालेन्सिया भागात पाच वृद्धगृहांच्या मलवाहिन्या याच हेतूने तपासल्या गेल्या आणि काही प्रसंगी रुग्ण निष्पन्न होण्याच्या कित्येक दिवस आधी त्यांनी इशारा दिला. ह्यूस्टनच्या नगर-आरोग्य खात्याने शाळा आणि तुरुंग यांच्या जोडीला शुश्रूषागृहांचेही सांडपाणी तपासणीखाली घेतले.

तंत्र ऐकायला सोपे आहे. इमारतीची नळी मुख्य वाहिनीला मिळते तेथील चेंबरमध्ये यंत्र बसवायचे, त्याने चोवीस तास थोडे थोडे पाणी शोषून बाटलीत साठवायचे, आणि त्यातला विषाणू पीसीआरने मोजायचा. पण ज्या दिवशी चादरी धुण्याचा वार असेल त्या दिवशी पाणी पातळ होणार, म्हणून मैल्याचा खरा अंश किती हे वेगळे ठरवावे लागते, आणि त्यासाठी शास्त्रज्ञांनी मिरचीच्या झाडावर पडणाऱ्या एका रोगाचा विषाणू हाताशी धरला आहे, जो आहारातून आपल्या पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. ही युक्ती मला फार आवडली, जरी ती बसविणाऱ्यांच्या पानात खानदेशी शेवभाजी कधी पडली नसावी असा माझा तर्क आहे.

खरी अडचण निराळीच आहे, आणि तिचा उच्चार उत्साही लेखनात फारसा होत नाही. वसतिगृहातला विद्यार्थी शौचकुपात जातो. शुश्रूषागृहातील जे रहिवासी सर्वांत अशक्त, सर्वांत परावलंबी, आणि म्हणून विषाणूचे सर्वांत सोपे भक्ष्य, त्यांतील पुष्कळांना डायपर बांधलेला असतो. तो डायपर बदलला की गुंडाळून पिशवीत जातो, पिशवी कचऱ्याच्या डब्यात जाते, डबा घंटागाडीत रिकामा होतो. मलवाहिनीला या सर्व व्यवहाराचा पत्ताही लागत नाही. ज्यांच्या रक्षणासाठी हा खटाटोप, तेच साक्षीतून गैरहजर! त्यात भर अशी, की सर्वच बाधितांच्या मलातून विषाणूचे अंश पडत नाहीत, आणि ज्यांच्या पडतात त्यांच्या ते बरे झाल्यावरही कित्येक आठवडे पडत राहू शकतात, त्यामुळे पाणी कधी मुके राहते तर कधी जुनेच गाऱ्हाणे नव्याने सांगते. नोरोव्हायरससारखा अतिसाराचा विषाणू मात्र मलातून प्रचंड संख्येने उत्सर्जित होतो. शुश्रूषागृहांत त्याच्या साथी वारंवार उठतात, अल्कोहोलयुक्त हस्तप्रक्षालनाला तो पुरता दाद देत नाही, आणि त्याच्या बाबतीत ही पद्धत करोनापेक्षा अधिक सार्थ ठरावी असे मला वाटते.

मग चेंबरमधले पाणी बोलते ते कोणाविषयी? हिंडते-फिरते वृद्ध, आणि पाळीपाळीने येणारे स्वयंपाकी, सफाई कामगार, परिचारिका, आया. माझ्या मते हा या पद्धतीचा दोष असला तरी तिचा उपयोगही नेमका यातच आहे, कारण ज्या घरातून वृद्ध क्वचितच बाहेर पडतात त्या घरात रोग बाहेरूनच येतो, आणि बहुधा तो चाकरीला येणाऱ्याच्या अंगावरून येतो. आता समजा, सोमवारी प्रयोगशाळेने कळविले की पाणी सदोष आहे. व्यवस्थापक सर्वांची तपासणी करणार. दोन आया बाधित निघणार. त्यांना घरी पाठविणार. परिचयाच्या एका वृद्धाश्रमात, नाकाला रुमाल बांधून एका आजोबांना कूस बदलून देणाऱ्या मावशींना मी सहज म्हटले, की सर्दी एवढी आहे तर एक दिवस घरी राहायचे. त्यांनी हात न थांबविता उत्तर दिले, “खाडा लागतो, काका. इथला लागतो तो लागतोच, आणि रात्रीच्या दुसऱ्या घरचं कामही जातं.” इतक्या मोजक्या शब्दांत कर्कलंडच्या अहवालातली दोन्ही कारणे सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

इंग्लंडमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात ‘विवाल्डी’ या नावाने पाच हजारांहून अधिक वृद्धगृहांची पाहणी झाली. जेथे कर्मचाऱ्यांना आजारपणात वेतन मिळत होते तेथे रहिवाशांत संसर्गाचे प्रमाण कमी आढळले. जेथे बदली कर्मचारी वारंवार आणले जात तेथे ते अधिक आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही हे कबूल करूनही मी असे म्हणेन, की ज्या संस्थेत आजारी पडणे म्हणजे उपाशी राहणे आहे, तेथे मलवाहिनीचा इशारा कामगाराच्या दृष्टीने शुद्ध धमकी होतो, आणि धमकीतून सुटण्याच्या वाटा माणूस शोधतोच. तो कामाच्या जागी शौचास जाण्याचे टाळील, तपासणीच्या दिवशी पाळी बदलून घेईल, दुसरीकडे नोकरी पाहील. चाळीस जणांच्या इमारतीचे पाणी हे एका नगराच्या पाण्यासारखे निनावी नसते. रात्रपाळीला तिघेच असतील तर पहाटेच्या बाटलीवर जणू त्यांची नावेच लिहिलेली असतात. म्हणून निष्कर्ष कोणाला कळवायचा, त्यावरून कोणाला कामावरून काढता येणार नाही, आणि ही तपासणी चालू आहे हे रहिवाशांना, त्यांच्या आप्तांना व नोकरवर्गाला आगाऊ सांगितले आहे की नाही, याचा लेखी करार यंत्र बसण्यापूर्वी झाला पाहिजे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने शहराच्या सांडपाण्यावर काम झालेले आहे, आणि विद्येची उणीव आपल्याला नाही. पण आपले अनेक वृद्धाश्रम गावाबाहेर, स्वस्त जमिनीवर उभे आहेत. तेथे मलवाहिनी पोहोचलेली नाही, सेप्टिक टँक आहे, आणि टँकमध्ये आजचा मैला मागच्या कित्येक दिवसांच्या मैल्यात मिसळून जात असल्याने त्यातला नमुना आजची बातमी शिळीच देणार. तेथे टँकच्या अलीकडच्या चेंबरमध्ये मूरची घडी सोडणे शक्य आहे, खर्चही नगण्य आहे. मात्र झाकण उचलून दोरी सोडावी, आत कोणी उतरू नये, ही अट कागदोपत्री घालावी, कारण आपल्याकडे ‘जरा खाली उतरून बघ’ हे वाक्य उच्चारायला कोणाला फारसा वेळ लागत नाही.

तूर्त माझी तजवीज अशी आहे. सामाजिक न्याय विभाग ज्या वृद्धाश्रमांना अनुदान देतो, त्यांच्यापुरता तरी त्याने शिरस्ता घालून द्यावा की संसर्गजन्य आजाराच्या दिवसांत आया, स्वयंपाकी व सफाई कामगार यांचा खाडा धरला जाणार नाही, मग ते हजेरीपटावर असोत वा कंत्राटदाराच्या वहीत. हा बोजा संस्थाचालकांना पेलणार नाही अशी तक्रार येईल, आणि लहान संस्थांच्या बाबतीत ती खरीही आहे. तेव्हा निम्मी रक्कम शासनाने अनुदानातून द्यावी आणि मोबदल्यात रजेच्या नोंदवहीची तपासणी करण्याचा हक्क राखून ठेवावा. त्या वहीत एका आठवड्यात तीन नावे आली, तर घडी त्याच दिवशी चेंबरमध्ये सोडता येईल.