आयडी दिला म्हणजे ओळख पटली?

‘प्रत्येक टेबलाला आपोआप वाढणारा आयडी द्या, बाकीचं फ्रेमवर्क बघून घेईल,’ असं नव्या डेव्हलपरला हमखास सांगितलं जातं. यातला पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा साफ अमान्य.

व्यवहारातला क्रमांकच प्रायमरी की असावा, हा पक्ष दुबळा नाही. संगणकशास्त्रज्ञ कॉडने 1970 साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये ओळ ओळखायची ती तिच्यातल्या मूल्यांवरूनच. पण हे क्रमांक आपल्या ताब्यात नसतात. दहा अंकी आयएसबीएन 2007 साली तेरा अंकी झाला. बंद पडलेला मोबाइल नंबर पुढे भलत्याच माणसाला मिळतो. आधार क्रमांक वापरण्याची खासगी कंपन्यांना कायद्याने दिलेली मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली रद्द केली. ज्यांनी ते बारा अंक टेबलाटेबलांत फॉरेन की म्हणून पसरवले असतील, त्यांनी ते उपटायचे कसे? खुद्द कॉडनेही 1979 साली सरोगेट की, म्हणजे यंत्रणेनेच दिलेली ओळख, स्वीकारली.

म्हणजे आयडी हवाच. पण तो सिद्ध काय करतो? ही ओळ वेगळी आहे, एवढंच. माणूस वेगळा आहे, हे नाही. रुग्णालयात एकाच बाईंची तीनदा नोंद झाली, तर तिन्ही आयडी युनिक असतात आणि डेटाबेस तक्रार करत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी पहिल्या नोंदीत, डॉक्टरांपुढे उघडी तिसरी. हा दोष जिवावर बेततो.

मग नाव आणि जन्मतारीख मिळून युनिक करावी? महाराष्ट्रात शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून लिहून टाकलेली माणसं गावोगाव आहेत. त्यात नावंही सारखी निघतात. हे केसपेपर काढणाऱ्या खिडकीवरच्या कारकुनाला पक्कं ठाऊक असतं. फ्रेमवर्कला नसतं, आणि बंद खोलीतल्या डीबीएलाही नसतं.

‘तपासणी आम्ही कोडमध्ये करतो’ हेही टिकत नाही. दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी नोंद आली, की दोन्हीकडे ‘असा रुग्ण नाही’ हेच उत्तर येतं आणि दोन्ही ओळी आत जातात. युनिक कन्स्ट्रेंट असेल तर दुसरी अडते. शिवाय ॲप बदलतं, डेटा राहतो. उद्या दुसरा प्रोग्राम त्याच टेबलात लिहील, त्याला तुमची तपासणी कुठून माहीत असणार?

म्हणून टेबलांची रचना एका जबाबदार माणसाकडे हवी, आणि त्याने आधी त्या खिडकीमागे बसून काम पाहिलेलं हवं. डेव्हलपर सोबत असावाच. क्वेरी त्यालाच लिहायच्या आहेत. पण ‘दोन नोंदी एकाच माणसाच्या कधी मानायच्या’ याचं उत्तर ठरून, जितकं बसेल तितकं कन्स्ट्रेंटमध्ये उतरल्याशिवाय पहिली स्क्रीन बांधायला घेऊ नये.