स्टेजचा पॅच वेगळाच हवा

गिटार वाजवणाऱ्या तरुण मंडळींत एक मत पक्कं रुजलं आहे. इफेक्ट प्रोसेसर चांगला असेल आणि पॅच, म्हणजे त्यात साठवलेली आवाजाची जुळणी, नीट बांधला असेल, तर तो घरी, हॉलमध्ये, मैदानावर सारखाच वाजला पाहिजे. नाही वाजला तर साउंडवाल्याला काम येत नाही. या मताच्या बाजूने सर्वांत जोरकस दाखला दिला जातो तो रेकॉर्डचा. एकदा मिक्स झालेलं गाणं मोबाइलवरही चालतं आणि मोठ्या स्पीकरवरही. मग पॅचलाच दोन रूपं कशाला?

दाखला बिनतोड वाटतो, पण तो उलट बाजूनेच साक्ष देतो. रेकॉर्डवरची गिटार कधी सुटी ऐकायला मिळाली तर ती बहुतेकदा किरकोळ, नाकातली वाटते. तिचा खर्ज छाटलेला असतो, मधला पट्टा पुढे काढलेला असतो, कारण ती बेस गिटार, ड्रम आणि गळा यांच्यात बसवलेली असते. घरी हेडफोन लावून केलेला पॅच कुणाच्याच सोबत बसवलेला नसतो. सगळी जागा आपलीच, असं धरून तो बांधलेला असतो.

दुसरी गोष्ट कानाची. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये बेल लॅब्जमधल्या प्रयोगांतून दाखवलं की आवाज लहान असला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. 1000 हर्ट्झचा स्वर 40 डेसिबलवर असेल, तर 100 हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटायला वीसहून अधिक डेसिबल जास्त द्यावे लागतात. 80 डेसिबलपाशी ही तफावत जवळजवळ निम्मी होते. म्हणजे रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात बसून वाढवलेला बेस स्टेजवर नुसता जास्तीचा. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची, बेस गिटारची 41ची, आणि बेस ड्रमचा दणकाही त्याच आसपास. तिथे गिटार घुसली की सगळंच घुमायला लागतं आणि गिटार मात्र ऐकू येत नाही. मग गिटारिस्ट व्हॉल्यूम वाढवतो आणि घुमणं आणखी वाढतं. यात साउंडवाल्याचा काय दोष? मिक्सरवर तो खर्ज कापू शकतो, पण तुम्ही घरी ओतलेला गेन आणि रिव्हर्ब त्याला काढून टाकता येत नाही.

‘डिजिटलच नको, ट्यूब अँप आणा’ हा सल्ला तर टिकतच नाही. कान तेच असतात. ट्यूब अँपची बटणंही घरी एका जागी आणि स्टेजवर दुसऱ्या जागी ठेवावी लागतात. ‘ग्लोबल ईक्यू पुरे’ म्हणणारे थोडे जवळ येतात. हॉल घुमत असेल तर तो कामाचा आहेच. पण तो सगळ्या पॅचना एकच माप लावतो. क्लीन पॅच अंगावर येतो आणि डिस्टॉर्शनचा गर्दीत हरवतो, हे त्याने सुटत नाही.

म्हणून प्रत्येक पॅचची स्टेजसाठी वेगळी प्रत करावी. 100 हर्ट्झच्या आसपास लो कट लावावा. गिटार अँपचा 12 इंची स्पीकर पाचएक हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, हॉलच्या पीए सिस्टीमचा उतरत नाही; तेव्हा थेट मिक्सरला जाताना गिटार स्पीकरची नक्कल करणारं कॅबिनेट सिम्युलेशन चालू हवं, नाहीतर डिस्टॉर्शन माश्या घोंघावल्यासारखं वाजतं. गिटार अँपला जोडलं तर तेच बंद. गेन उतरवावा, कारण मोठ्या आवाजात सूर आपोआप जास्त टिकतो. रिव्हर्ब निम्म्यावर आणावा. हॉलचा स्वतःचा असतोच. सोलोचा पॅच तीन-चार डेसिबल वर ठेवावा, आणि ती वाढ मिडमध्ये द्यावी.

‘एवढा मोठा आवाज आम्ही लावायचा कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. फ्लॅटमध्ये ते शक्यच नाही. पण तालमीची खोली तासावर मिळते, आणि तिथला पहिला अर्धा तास यासाठीच द्यावा. ड्रमर आणि बेसवाला पूर्ण जोरात वाजवत असताना, केबल पुरेल तितकं स्पीकरपासून लांब उभं राहून एकेक पॅच लावावा आणि तिथेच सेव्ह करावा. घरी हेडफोनवर तो पातळ वाटेल. वाटू द्यावा, सरावासाठी घरची प्रत आहेच.